गार मावशीचा हात

भीती विकून पोट भरणारी माणसं फार साधी असतात. त्या दुकानाचा मालकच घ्या. कवट्या, बरणीतलं दोन तोंडांचं कोंबडीचं पिल्लू, डोळे मिटणाऱ्या बाहुल्या, दात उपटायचे गंजके चिमटे, कुणाकुणाच्या काचेच्या डोळ्यांनी भरलेला डबा, असल्या मालात हा गडी दिवसभर वावरायचा आणि काउंटरवर पाल दिसली की स्टुलावर चढून उभा राहायचा. पुढच्या खोलीत हे दुकान, आणि काळा पडदा सारून मागे गेलं की तिकीट लावलेलं संग्रहालय. तिथे नुसतं बघायचं नसायचं. खुर्चीत बसायचं की ती थरथरायची, बटण दाबलं की आरशात आपल्या मागे कुणीतरी उभं राहायचं, शवपेटीत झोपून फोटो काढता यायचा. पोरंपोरी पैसे मोजून किंचाळायला यायची. घरी किंचाळलं तर शेजारी येतात, त्याला कोण काय करणार.

शेवटच्या खोलीत शवागार होतं. भिंतीत लोखंडी कप्प्यांची रांग, आणि त्यातल्या एका कप्प्याला मनगट जाईल एवढं भोक. भरून ठेवलेला आवाज सांगायचा, "याला ओळखणारं कुणी आलं नाही. तुम्ही धराल याचा हात?" एखादं धीट गिऱ्हाईक आत हात घालायचं, आणि आतून एक गारढोण हात त्याचा हात धरायचा. तिथे यंत्रबिंत्र काही नव्हतं. भिंतीमागे प्लास्टिकच्या स्टुलावर गार मावशी बसलेली असायची.

तिचं खरं नाव तिथे कुणी कधी विचारलं नव्हतं. कामावर आली की ती काळा झगा चढवायची आणि मोबाइल कपाटात कुलूपबंद करायची. हा मालकाचा नियम होता, कारण एकदा मुडद्याचा फोन वाजला होता आणि गिऱ्हाइकं हसत सुटली होती. मग बर्फाच्या बादलीत उजवा हात कोपरापर्यंत बुडवून बसायचं. बाहेर पावलं वाजली की हात काढायचा, टॉवेलने टिपायचा, वर पावडर लावायची. ओला हात नुसता ओला लागतो. मेल्यासारखा लागायला तो कोरडा आणि गार हवा, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. धरायचा, हळूच आवळायचा, सोडायचा. बाहेरचा माणूस "बास" म्हणाला की आभाळ कोसळलं तरी सोडायचा. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

"मुडदा बोलला तर मुडदा कसला, मावशी?" मालक म्हणायचा.

त्याआधी मावशीने अर्धं आयुष्य लाँड्रीत इस्त्रीवर काढलं होतं. लाँड्री बंद पडली आणि ती वाफेतून उठून बर्फात येऊन बसली. "माझ्या हातांच्या नशिबात मधलं काही लिहिलेलंच नाही," असं म्हणून ती हसायची. संध्याकाळी बोटं इतकी बधिर व्हायची की झग्याची बटणं तिकीटवाल्या पोरीकडून काढून घ्यावी लागायची. पण काम तिला आवडायचं. चेहरे दिसत नसल्यामुळे माणसं हातावरून कळतात, आणि हात सहसा खोटं बोलत नाहीत. फुशारक्या मारत आलेल्या पैलवानाचा तळवा घामाने भिजलेला असायचा. बायकोला पुढे करून स्वतः मागे राहणारे नवरे तर तिला पायरवावरूनच कळायचे. अशा वेळी ती बायकोचा हात अलगद सोडायची आणि नंतर आलेल्या नवऱ्याचा अंमळ जास्त आवळायची.

घरी मात्र तिने संग्रहालयात झाडलोट करते एवढंच सांगितलं होतं. नवऱ्यानेही पुढे काही विचारलं नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मावशीच्या मनाला एक घोर लागलेला होता. तिचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी घरातून गेला होता. नवरा बस डेपोत मेकॅनिक, शब्दाला जिवापाड जपणारा माणूस. साहेबांच्या हातापाया पडून त्याने मुलाला तिथे चिकटवलं, आणि मुलाने दोनच महिन्यांत कुणाला न सांगता काम सोडलं. नवरा त्या दिवशी घरी आला तो पेटलेलाच. "चारचौघांत माझी मान खाली घातलीस. चालता हो." मावशी कोपऱ्यात शेजाऱ्यांचे कपडे इस्त्री करत होती. मुलाने बापाकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. ती इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली, "त्यांना उलट बोलू नकोस." खरं म्हणजे तोवर तो एक अक्षरही बोलला नव्हता.

त्यानंतर त्याचा नंबर बदलला. कुणी म्हणे एसी बसवण्याच्या कामाला लागलाय, कुणी म्हणे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. जिन्यात पावलं वाजली की नवरा पेपर खाली करायचा, आणि पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली की पुन्हा तोंडासमोर धरायचा. मावशी ते बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. तिला आता आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती, की त्याने एकदा घरात यावं. माफ नाही केलं तरी चालेल, पण यावं.

त्या रविवारी दुपारी तरुणांचा एक घोळका आला. "अरे घाल ना हात, फाटली का?" "कुणाची फाटली?" भिंतीमुळे आवाज दबके, मावशीला नुसती कुजबुज आणि हसणं कळलं. मग भोकातून एक हात आत आला. मूठ वळलेली होती.

लोक बोटं पसरून हात घालतात, किंवा आखडून, चटका बसेल अशा भीतीने. मूठ वळून हात पुढे करणारं माणूस तिने उभ्या जन्मात एकच पाहिलं होतं. लहानपणी तो असाच मूठ घेऊन समोर उभा राहायचा. आत गोटी असायची, नाहीतर मेलेला भुंगा, आणि आईने एकेक बोट उलगडून ते शोधायचं. मावशीने सवयीने हात धरला आणि आवळायच्याऐवजी बोटं उलगडू लागली. अंगठ्याच्या मुळाशी वण होता का, ते बधिर बोटांना धड कळेना. म्हणून तिने डावा हातही लावला, बादलीत न बुडवलेला, उबदार. वण होता. डब्याच्या पत्र्याने कापलं होतं आणि टाके वेडेवाकडे पडले होते, तसाच.

"अरे, दोन हात आहेत आत!" बाहेरून तो हातवाला ओरडला, आणि सगळे हसले. मग तो म्हणाला, "बास." आवाजही त्याचाच.

मावशीने सोडला नाही.

"बास म्हटलं ना."

"बोक्या," ती भिंतीला तोंड लावून म्हणाली. "आई आहे मी."

हे नाव घरात फक्त ती घ्यायची, तेही दुसरं कुणी नसताना. तिच्या हातातला हात क्षणभर ढिला पडला. मग जी किंकाळी उठली, ती ऐकून घोळक्याचं हसणं तिथेच थांबलं. त्याने हात असा हिसडला की लोखंडी कडेला मनगट सोलवटलं, आणि पावलं पळत सुटली.

मावशी उठली. बादली लवंडली, स्टूल आडवं झालं. मागच्या बोळातून, पडद्यातून ती दुकानात आली तेव्हा गिऱ्हाइकांना वाटलं हाही खेळाचाच भाग. काळा झगा, पांढराफटक हात. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, एका मुलीने फोटोसाठी खांद्याला खांदा लावला. तिला बाजूला सारून मावशी रस्त्यावर आली. घोळक्यातली सगळी तिथे गोंधळून उभी होती, फक्त तो नव्हता.

"तुम्ही काय केलंत त्याला?" त्यातली एक मुलगी म्हणाली. "रडत गेला तो. आई फोन उचलत नाही, आई उचलत नाही, एवढंच म्हणत होता. रिक्षा केली आणि गेला."

मावशीला उमगायला थोडा वेळ लागला. शवागाराच्या कप्प्यातून गार हाताने धरलं आणि आईच्या आवाजाने हाक मारली, तर पोरगं काय समजेल? शहाणा माणूस तसं समजणार नाही, हे खरं. पण ज्याने तीन वर्षं आईची विचारपूस केली नाही, त्याच्या मनात ही भीती आधीच दबा धरून बसलेली असते. तिला फक्त कारण लागतं. त्याला वाटलं होतं, आई मेली.

ती धावत कपाटाशी गेली. बधिर बोटांनी कुलूप उघडेना, ते तिकीटवाल्या पोरीने उघडून दिलं. फोनवर एका अनोळखी नंबरचे एकामागून एक कॉल येऊन गेलेले. मालक पाठीशी उभा राहून बोलत होता, "मावशी, नियम म्हणजे नियम. आज एखाद्याचा जीव गेला असता." तेवढ्यात फोन तिच्या हातातच वाजला. तोच नंबर.

"उचला की," मालक म्हणाला.

उचलला की काय होईल, ते तिला लख्ख दिसलं. 'बरी आहेस ना?' 'बरी आहे.' 'बरं.' आणि फोन बंद, आणि पुन्हा काही नाही. नाही उचलला तर तो घरी येईल. फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने नवऱ्याचा वाजला, म्हणजे मुलगा घरी पोचलेला होता. तोही तिने वाजू दिला. हे चूक आहे, हे तिला तेव्हाच कळत होतं. कुणाच्या जिवाशी असं खेळू नये, आणि त्या दोघांच्या तर नाहीच नाही. तरी तिने फोन पिशवीत टाकला आणि बसस्टॉपकडे चालू लागली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि इतका आनंद तिला तीन वर्षांत झाला नव्हता.

दार सताड उघडं होतं. आतलं बोलणं जिन्यातच ऐकू येत होतं.

"पोलिसांत जाऊ या का, बाबा? की आधी हॉस्पिटलं?"

"कुठल्या रस्त्याने जाते, तेसुद्धा मला माहीत नाही रे," नवरा म्हणत होता. "तिथे नक्की काय काम करते, ते मी कधी नीट विचारलंच नाही."

मावशी शेवटच्या पायऱ्यांवर थबकली. आपल्या पाठीमागे आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकायची हाव कुणाला नसते? तिला वाटलं, अजून थोडं ऐकावं. मग नवऱ्याच्या घशातून असा एक आवाज आला जो तिने एवढ्या संसारात ऐकला नव्हता, आणि ती घाईघाईने आत गेली.

नवरा जमिनीवर बसला होता, एका पायात चप्पल, दुसरी कुठेच नाही. मुलगा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उकिडवा बसलेला. तो रोडावला होता, आणि दाढी वाढली होती. तिला पाहून तो उठला, तिचे दंड चाचपले, गाल चाचपले, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. "कुठे होतीस?" एवढंच तो भिंतीला म्हणाला.

सगळे जरा निवळल्यावर मुलाने विचारलं, "भिंतीमागे तू होतीस?"

"हो. तिथेच कामाला आहे."

"झाडलोटीच्या ना?" नवरा म्हणाला.

"मुडद्याच्या," मावशी म्हणाली. मुलाला हसू फुटलं, पण ते तोंडावर फार टिकलं नाही.

"मग फोन का नाही उचललास? आधी तरी ठीक, पण नंतर बाबांचाही?"

उत्तर तयार होतं. फोन कपाटात होता, ते अर्धं खरंही होतं. पण इतका वेळ खोट्यावर चालली होती, तेवढं तिला पुरे झालं.

"हातात होता फोन," ती म्हणाली. "उचलला असता तर आला असतास?"

मुलाने सोललेल्या मनगटावर बाही ओढली. "नाही," तो म्हणाला.

नवरा चहा ठेवायला उठला. त्याला साखरेचा डबा कुठे असतो हे माहीत नव्हतं, त्याने दोन डबे उघडून पाहिले. "आज नको, बाबा," मुलगा म्हणाला, आणि दारात बसून बूट चढवू लागला. मावशी त्याच्याशेजारी उभी राहिली.

"मी रिक्षात काय काय बोललो माहितेय?" तो मान वर न करता म्हणाला. "त्या रिक्षावाल्याने शेवटी पैसेही घेतले नाहीत. आता उद्या खरंच तुझं काही झालं आणि कुणी मला फोन केला ना, तर मला आधी हेच वाटेल की आई बोलावतेय. मी येणार नाही."

मावशीला वाटलं, ही शिक्षा आपल्याला मिळायलाच हवी होती.

"मग तसं काही व्हायच्या आधी येत जा," ती म्हणाली.

तो उठला, वाकून आत बाबांकडे एकदा पाहिलं आणि जिना उतरू लागला. खालच्या दाराशी जाऊन तो थांबल्याचं तिला पावलांवरून कळलं. ती कठडा धरून ऐकत उभी राहिली. पण तो वर आला नाही.