माझ्याच हातात घसरणारा क्लच

तुम्ही हसणार हे मला माहीतच आहे. हसा, पण आधी घोटभर चहा घ्या, कारण मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. मिरजगावात कुणाच्या गाडीनं वेगळा आवाज काढला की लोक मला बोलावतात. मी नुसता कान देतो आणि बिघाड सांगतो. अशा माणसानं स्वतःच्या गाडीचं काय करून ठेवलं, ते आता ऐका!

आमचा ट्रक वडिलांनी घेतलेला. त्याच्यावर घर झालं, बहिणींची लग्नं झाली. त्यात चप्पल घालून चढायचं नाही, हा वडिलांचा नियम मी अजून पाळतो. माझा जीव आहे त्या गाडीवर, आणि हे मी बायकोसमोरसुद्धा सांगतो. दिवाळीत बायकोनं, म्हणजे मंदानं, केबिन धुऊन पुसून लख्ख केली, हार घातले, खाली नवीन मॅट टाकली. आणि त्यानंतर गाडीला काय झालं कुणास ठाऊक!

कांदा भरून नगरला निघालो की चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. वर जळका वास. क्लच घसरतोय, हे कुणीही सांगेल. मी तर फर्स्टक्लास निदान केलं आणि गाडी शब्बीर मिस्त्रींच्या गॅरेजला लावली.

त्यांनी गिअरबॉक्स उतरवला. प्लेट खरंच जळालेली. ती ज्या जड चाकावर दाबून बसते, ते फ्लायव्हीलही तापून निळं पडलेलं. त्यांनी फ्लायव्हील लेथवर साफ करून आणलं, नवी प्लेट घातली आणि सहज विचारलं, "क्लचवर पाय ठिवून तर चालवत न्हाई ना तुमी?"

मला? हा प्रश्न मला? अहो, क्लचवर पाय नुसता टेकला तरी आतली पकड ढिली होते, हे मी नवशिक्या ड्रायव्हरांना शिव्या देऊन शिकवलंय! मी दोन दिवस मिस्त्रींशी नीट बोललो नाही.

पुढच्या खेपेला चढ आला, आणि पुन्हा तोच वास.

मी तणतणत गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी बंद. म्हणजे क्लचची पकड पक्की, घसरत असता तर इंजिन चालूच राहिलं असतं. मग मॅट काळी होऊ नये म्हणून त्यांनी खाली गोणपाट अंथरलं आणि भरलेली गाडी चढावर नेऊन आणली. वास नाही, बोंबलणं नाही. माझ्या हातात आली की मात्र घसरायची!

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं? मी समजलो की फ्लायव्हीललाच चीर गेली आहे आणि मिस्त्री लपवतायत. एवढ्या जुन्या गाडीचं फ्लायव्हील कुठं मिळतंय? विकायची, असं मी जाहीर करून टाकलं. भिंगारचं एक गिऱ्हाईक तयार झालं. मंदा त्या रात्री जेवली नाही. मीही उगाच गोठ्यात जाऊन नाक शिंकरत बसलो.

ठरल्या दिवशी कांदा नगरला उतरवायचा आणि तशीच गाडी भिंगारला दाखवायची. शेवटची खेप म्हणून मंदा शेजारी येऊन बसली. चढ लागला, इंजिन बोंबललं, वास सुटला. मी म्हणालो, बघ, म्हातारी झाली बिचारी.

मंदा गाडीकडं बघतच नव्हती. ती माझ्या पायाकडं बघत होती.

"अवो, तुमचा डावा पाय क्लचवर का हाय?"

"मग कुटं ठिवू? खाली लक्ष्मी हाय."

खरंच होती. दिवाळीत मॅटवर तिनं लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर लावले होते. डावीकडच्या दारातून आत येणारी ती पावलं नेमकी क्लचपाशी येऊन थांबली होती, बरोबर माझा डावा पाय टेकायच्या जागी. अनवाणी असलो म्हणून काय झालं, देवीच्या पावलांवर पाय कसा ठेवायचा? पहिल्याच दिवशी पाय आपोआप उचलला गेला, आणि तो कुठं टेकला याचा विचार मी पुन्हा केलाच नाही.

"काडा त्यो पाय," मंदा म्हणाली.

मी मांडी घातल्यासारखा पाय सीटवर घेतला. गाडीनं एक हिसका दिला आणि ती मुकाट चढ चढून गेली.  मंदा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लक्ष्मीला पाय लागू ने म्हनून घरची लक्ष्मीच इकाया निगालात व्हय?"

मी गाडी कडेला घेतली आणि भिंगारला फोन लावला. गाडी द्यायची नाही म्हणालो. तो वैतागला. क्लच गेलाय म्हणून तुम्हीच सांगितलं ना, मग बिघाड निघाला तरी कशात, असं विचारायला लागला.

"गाडी चांगली हाय," मी म्हणालो. "ड्रायव्हर खराब निगाला. पायजे तर त्यो न्या."

शेजारून मंदा फोनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यो फुकट दिला तरी कुनी नेनार न्हाई. ऱ्हाऊ द्या माज्याकडंच."