नत्थूजी समुद्रात उतरले नाहीत

नत्थूजी हेडाऊंना मी खरं तर फार कमी ओळखत होतो. नागपूरला लागून असलेल्या बेसाला आमची घरं शेजारी शेजारी आहेत. मधली भिंत कमरेएवढी, आणि त्या भिंतीवरून आम्ही रोज बोलायचो. पण काय बोलायचो? नळ, डास, कुणाच्या मुलीचं लग्न कुठे जमलं. त्यांच्या मनात काय चाललंय हे मी कधी विचारलं नाही. मला तसं विचारता येत नाही. लिहिण्याचीही सवय नाही. पण त्यांच्या पत्नी यमुताई म्हणाल्या, "सुमंतभाऊ, तुम्ही जन्मभर कचेरीत कागदं काळे केले. दोन कागदं आमच्या यांच्यावरही करा. वेदिका मोठी झाली म्हणजे कोणीतरी वाचून दाखवील तिले." म्हणून लिहितो आहे. काही चुकलं असेल तर ते माझ्या समजुतीचं चुकणं आहे, माणसाचं नाही.

नत्थूजींचं घर कोष्ट्यांचं. लहानपण वडिलांच्या हातमागाशेजारी गेलं, पण मोठेपणी ते वीज मंडळात लाइनमन झाले आणि निवृत्तीनंतर बेसाला घर बांधून राहिले. लहानपणी उन्हाळ्यात त्यांना मामाकडे धाडायचे, पारशिवनीजवळच्या एका खेड्यात. तिथे पेंच नदी. तिथल्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, पोरांनी त्यांच्या पाठीला तुंबा, म्हणजे अख्खा वाळवलेला भोपळा, बांधला आणि डोहात ढकलून दिलं. तुंबा माणसाला बुडू देत नाही. चार दिवसांनी त्याच पोरांनी गुपचूप दोरी सोडली, आणि नत्थूजी तरंगतच राहिले. पुढे ते भरल्या नदीत पैलतीराला जाऊन यायचे. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

त्यांचा मुलगा प्रज्वल जर्मनीत असतो. सून मिनलही तिथेच नोकरी करते. नात वेदिका आता आठ वर्षांची आहे. तान्ही असताना एकदा मे महिन्यात तिला नागपूरला आणलं होतं. तेव्हा ती इतकी आजारी पडली की त्यांनी पुन्हा आणायची हिंमत केली नाही. दर उन्हाळ्यात ते तिघं भूमध्य समुद्राच्या काठी सुटी घालवतात. गेल्या वर्षी प्रज्वलने आई-वडिलांनाही तिथेच बोलावलं, स्पेनमधल्या तारागोना नावाच्या गावी.

तिकिटं आल्यावर नत्थूजी एसटीने पारशिवनीला गेले आणि बगलेत तुंबा घेऊन परतले. मी भिंतीशी उभा होतो.

"हे काय?"

"पोट्टीले पोहणं शिकवाचं आहे. समुद्र आहे तिथं."

आतून यमुताई ओरडल्या, "सुमंतभाऊ, सांगा यांले काही! माह्या साड्यांच्या बॅगेत भोपळा कोंबून राहिले हे!"

"साड्या कमी ने वं," नत्थूजी म्हणाले. "तिथं कोण पाहते तुले?"

तिकडे विमानतळावर अधिकाऱ्याने तो तुंबा कानाशी धरून हलवला. आत बिया खुळखुळल्या. परदेशातलं बी तिथे आणू देत नाहीत, म्हणून त्याने तो ठेवून घेतला. परत आल्यावर नत्थूजींनी हा किस्सा सगळ्या गल्लीला सांगितला. "मी म्हटलं, बाबू, इसको बांध के तैरते हैं. त्याले हिंदीही समजे ना! मंग मी विमानतळावरच पोहण्याचे हात मारून दाखवले. प्रज्वल म्हणे, बाबा, चला आता."

अजूनही पुष्कळ सांगायचे. सकाळी जुन्या वास्तू पाहायच्या आणि दुपारनंतर खेळ, असा प्रज्वलचा बेत असायचा. समुद्राच्या अगदी काठावर रोमन लोकांचं मोठं गोल थिएटर आहे, त्याच्या पायऱ्यांवर बसून यमुताईंनी सगळ्यांना पुडाच्या वड्या वाटल्या. एका दुपारी तिथल्या पद्धतीचा भात रांधायचा वर्ग होता. यमुताई सांगायच्या, "ढवळाचा नाही म्हणे भात, खाली लागू द्याचा! माह्या सासूनं पाहिलं असतं त झोडपलं असतं." आणि नत्थूजी म्हणायचे, "संत्रं मात्र आपलंच, गा. त्यांच्या संत्र्याले सोलाले चाकू लागते."

आम्ही हसायचो. मला वाटलं, मजेत झाली सुटी.

मग यमुताईंनी माझ्या पत्नीला, अरुंधतीला, सांगितलं आणि तिने मला. नत्थूजी पाण्यात उतरलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट घातला होता. पहिल्याच दिवशी ते सदरा काढायला लागले तेव्हा प्रज्वल म्हणाला, "बाबा, नको. इथे काही झालं तर मी काय करू?" त्याचंही खोटं नव्हतं. परक्या मुलखात, भाषा येत नाही, दवाखाना कुठे ते माहीत नाही. नत्थूजींनी सदऱ्याची गुंडी पुन्हा लावली. मग रोज दुपारी बाकीचे होडी वल्हवायला, पोहायला जायचे आणि ते छत्रीखाली खुर्चीवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वेदिका ओली पाण्यातून आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना? मला पण वाटायची." दंडाला बांधायच्या तिच्या लहानपणच्या हवेच्या फुग्यांपैकी एक तिने त्यांच्या हातावर चढवायचा प्रयत्न केला. तो मनगटाच्या वर सरकेना. ती म्हणाली, "असू दे, आता नाही बुडणार तुम्ही." आणि पळाली. तो फुगा मनगटावर ठेवून ते संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते.

हा किस्सा मात्र नत्थूजींनी गल्लीला सांगितला नाही.

दिवाळीनंतर ते रामदासपेठेतल्या त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू पोहा, कोणी लक्ष ठेवणारं असलं पाहिजे, दमलात की थांबा, उन्हाळ्यात पुन्हा तपासतो. तेव्हापासून रोज सकाळी ते स्कूटरने तलावावर जायला लागले. तलाव म्हणजे पोहण्याचा बांधलेला तलाव. एकदा मलाही म्हणाले, "चालता का? डॉक्टरले सांगाले एक साक्षीदार पाहिजे." मला पोहता येत नाही. मी बाकावर त्यांचा टॉवेल मांडीवर घेऊन बसायचो.

रस्त्यावर चालताना ते किंचित वाकायचे, एक पाय ओढायचे. पाण्यात तसं काही दिसायचं नाही. आवाज नाही, शिंतोडे नाहीत. तोंड वर ठेवून, नदीतल्या माणसासारखं, पलीकडे नजर लावून ते जायचे. तिथल्या तरुण पोरांनी थट्टा केली, "काका, ऑलिम्पिकची तयारी आहे का?"

"नाही रे बाबू. एका पोट्टीचा गैरसमज झाला आहे," ते म्हणाले, "तो काढाचा आहे."

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि लिहून दिलं की यांनी पोहायला हरकत नाही. त्या दिवशी त्यांनी मला संत्रा बर्फी दिली. म्हणाले, "प्रज्वलले आत्ताच नाही सांगत. बोलावते तेव्हा सांगतो."

प्रज्वलचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी योगायोगाने त्यांच्याच घरी होतो. उठून जावं की बसावं ते मला समजेना, म्हणून बसून राहिलो.

प्रज्वल म्हणाला, "बाबा, या वर्षी समुद्रावर मिनलच्या आईबाबांना नेतोय. गेल्या वर्षी तुम्ही आलात ना, त्यांना वाईट वाटलं थोडं. पुढच्या वर्षी पुन्हा तुम्ही."

"बरोबर आहे," नत्थूजी म्हणाले. "त्यांचीही नातच आहे."

"आणि तसाही तुम्हाला कंटाळाच आला बाबा. दिवसभर खुर्चीवर."

स्वयंपाकघराच्या दारातून यमुताई हातवारे करत होत्या. मग न राहवून मोठ्याने म्हणाल्या, "सांगा नं! काहून नाही सांगत?"

"काय सांगायचंय, बाबा?"

नत्थूजींनी तिकडे पाहिलंच नाही. "काही नाही. आई म्हणते, जेवत जा वेळेवर. वेदिका कुठं आहे?"

"पोहण्याच्या क्लासला गेलीय."

"बरं बरं. जाऊ दे. शिकू दे."

फोन ठेवल्यावर यमुताई चिडल्या. ते एवढंच म्हणाले, "त्या लोकांचा आनंद काहून खराब कराचा वं? पुढच्या वर्षी जाऊ." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पाणी प्यालो आणि घरी आलो.

मला वाटलं, आता सकाळचं जाणं बंद होईल. झालं नाही. उलट ते जरा लवकर निघायला लागले. मला मात्र पुन्हा चला म्हणाले नाहीत.

जूनमध्ये एका सकाळी पोहून, अंग पुसून, कपडे घालून ते तलावाच्या बाकावर बसले आणि तिथेच कलंडले. तिथल्या पोरांनी त्यांना रामदासपेठेत दवाखान्यात नेलं. मी आणि यमुताई पोहोचलो तोवर संपलं होतं.

प्रज्वल, मिनल आणि वेदिका तिघंही आले. तान्हेपणानंतर वेदिका पहिल्यांदाच नागपूरला आली. तेरवीच्या दिवशी मंडपात ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिचं मराठी स्वच्छ आहे, फक्त थांबत थांबत बोलते.

"आजोबा पाण्याजवळ का गेले? त्यांना तर पोहता येत नव्हतं."

"येत होतं," मी म्हणालो. "फार सुंदर पोहायचे. मी पाहिलंय. लहानपणी नदी ओलांडून जायचे."

तिने बापाकडे पाहिलं. प्रज्वल म्हणाला, "मी ऐकलं होतं. पाहिलं कधीच नाही." मग तो उठून मंडपाबाहेर गेला.

 वेदिका मला म्हणाली, "मग ते माझ्याबरोबर का नाही आले?"

 हे लिहिलेलं त्याचंच उत्तर समजावं, थोडं लांबलेलं.

नत्थूजी गेले त्या दिवशी सकाळी मी झाडांना पाणी घालत होतो. ते स्कूटर बाहेर काढत होते.

"निघालात का?" मी विचारलं.

"निघालो. आज तलाव धुणार होते म्हणे. पाहतो, उघडा आहे का बंद."

"बंद असला तर?"

"त परत येतो. वहिनींले चहा मांडाले सांगजा."

"साखर कमी?"

"कमीच," ते म्हणाले.