सिंक दाखवा

“प्रयोगशाळा कशी आहे ते तिच्या सिंकवरून कळतं,” असं ती एकदा म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. ती हसली नव्हती. पदवी हातात असूनही साहाय्यक म्हणून बारा वर्षं ती त्याच सिंकपाशी उभी होती. इतरांचे प्रबंध पार पडत गेले, तिच्या हातांना साबणाचा वास राहिला. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा चहाचा कपही रोज तिथेच येऊन पडायचा.

आता चाळिशीच्या उंबरठ्यावर तिला पीएचडीसाठी परदेशातून दोन बोलावणी आली होती, दोन्ही शिष्यवृत्तीसह. उत्तर आज पाचपर्यंत द्यायचं होतं. आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. त्या भरात तीन परीक्षानळ्या फुटल्या, आणि तिला वाईटही वाटलं नाही.

“यात विचार कसला करायचा?” दुपारी फोनवर तिचा दादा म्हणाला. “पहिल्या विद्यापीठाचं नाव काढलं की माणसं खुर्चीतून उठतात. दुसऱ्याचं मला धड उच्चारताही येत नाही.”

“मी दोघांनाही सिंक दाखवायला सांगितलंय. व्हिडिओवर.”

“अगं बाई, विद्यापीठ बघतेयस की भाड्याची खोली?”

“पाच वर्षं काढायची तर दोन्ही एकच, दादा.”

पलीकडून थप्प असा आवाज आला. दादाने कपाळावर हात मारला असणार.

नावाजलेल्या ठिकाणचा विद्यार्थी आधी गोंधळला, मग त्याने कॅमेरा फिरवला. सिंक आरशासारखं लख्ख होतं. वर भिंतीवर कोणी कधी धुवायचं याचा तक्ता, आणि त्यात सोमवार ते शुक्रवार एकच नाव.

“हे कोण?”

“मीच. सगळ्यात नवा असेल त्याने धुवायचं,” तो म्हणाला. “तुम्ही आलात की सुटलो मी.”

दुसरीकडचं सिंक काठोकाठ भरलेलं होतं. पांढऱ्या केसांची एक बाई पाठमोरी उभी राहून काचेचा चंबू घासत होती. कोपरापर्यंत फेस.

“मार्गदर्शक बाईंशी बोलायचं होतं,” ती म्हणाली.

“बोला ना, मीच. आज धुण्याचा वार माझा आहे.” बाईंनी चंबू कॅमेऱ्यापुढे धरला. “हा तळाचा डाग जाता जात नाही. तुम्ही काय करता?”

“रात्रभर सौम्य आम्लात भिजवते.”

“मग या आणि करून दाखवा.”

डागावरून बोलणं बुरशीवर गेलं, बुरशीवरून तिला बारा वर्षं पडलेल्या एका प्रश्नावर. तो प्रश्न आजवर तिला कोणी विचारू दिला नव्हता. फोन ठेवला. तिने तिथल्या तिथे उत्तर धाडून दिलं.

साडेचारला सर आले. रिकामा कप सिंकमध्ये ठेवत म्हणाले, “कळवलंस ना? पहिलंच ना?”

“दुसरं, सर.”

“वेड लागलंय का तुला? एवढं मोठं नाव सोडून? का पण?”

सवयीने तिचा हात नळाकडे गेला. कपाच्या तळाशी चहाचा तांबूस गोल वाळत होता. तिने हात मागे घेतला, एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि ती बाहेर पडली.