इडेला ग्रिम्बलची हाक

इडेला ग्रिम्बल रडायची छान. ऐकायला विचित्र वाटेल, पण चार्ल्सटनजवळच्या तिच्या बेटावर तिची ओळख तीच होती. कुणी गेलं की पुरण्याआधी त्याच्या नावाने हाक द्यावी लागे. एकीने ओळ उचलायची, ती अर्धवट असतानाच बाकीच्यांनी झेलायची, पुढे न्यायची आणि परत तिच्या हवाली करायची. असं गाणं पेटलं की गेलेला माणूस पलीकडे पोचतो. उत्तर नाही मिळालं तर तो उंबऱ्यातच अडकून बसतो, ना इकडचा ना तिकडचा. म्हणून उत्तर आल्याशिवाय खड्ड्यात माती लोटायची नाही असा रिवाज. इडेलाच्या आजीने हाका दिल्या, मग आईने, म्हणजे हेगरने दिल्या, आणि हेगरचा दमा वाढल्यावर इडेलाने.

हेगर कालवं फोडण्याच्या शेडमध्ये कामाला होती. कापून कापून हात लाकडासारखे झालेले, जीभ मात्र तिच्या सुरीहून तेज. न्यूयॉर्कच्या एका गोऱ्या संगीतकाराने चार्ल्सटनमधल्या मयतीत इडेलाला ऐकलं आणि तिला आपल्या खेळात गायला बोलावलं, तेव्हा त्या जिभेला भलताच विषय मिळाला. तो माणूस काळ्यांच्या वस्तीवर ऑपेरा रचत होता. जुगाऱ्यांच्या तोंडी ब्लूज, नाचायला जॅझ, आणि मयताच्या प्रवेशात गुलामीच्या काळापासून चालत आलेली देवाची गाणी. त्या प्रवेशातल्या विधवेसाठी त्याला इडेलाचा गळा हवा होता.

"म्हणजे तुझा नवरा मरणार?" हेगरने विचारलं.

"खोटा नवरा गं, आई. फळीवर नुसता पडून राहतो."

"आणि मग?"

"मग पडदा पडला की उठतो, कोट चढवतो आणि जेवायला जातो."

हेगर खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "रोज उठून खोट्याला हाक देशील. माझ्या वेळेला गळ्यात काही शिल्लक ठेव, बये."

"तुझ्या वेळी मीच येणार. कुठेही असले तरी."

"बघ हं. टायराच्या हाकेवर मी निघायची नाही. बेडकासारखी ओरडते ती."

हेगरची धाकटी बहीण टायरा तिथेच शेंगा सोलत बसली होती. "तू आधी मर तर खरी," ती म्हणाली. "मग बघू निघतेस की नाही."

न्यूयॉर्कला पहिल्याच तालमीला इडेलाने ओळ उचलली आणि सवयीने मध्येच सोडून दिली, झेलायला कुणीतरी असेलच म्हणून. कुणी झेलली नाही. कोरसमधली माणसं तिच्यासारखी काळीच, पण शिकागो-बॉस्टनला कागदावरून गाणं शिकलेली.

"उत्तर द्या की," इडेला म्हणाली.

"आम्ही उत्तर नाही देत, बाई. आम्ही मात्रा मोजतो," शेजारची हळूच म्हणाली. "त्याची काठी वर गेली की आम्ही येणार. तोवर तू सूर धरून ठेव."

काठीवाला म्हणजे काठी हलवून गाणारे-वाजवणारे चालवणारा कंडक्टर. माणूस तसा भला होता. "ओळ अशी सोडू नका, इडेलाबाई. टोकापर्यंत न्या, पुरी करा, आणि माझ्याकडे बघा." ती शिकली. पोटासाठी माणूस काय शिकत नाही! मोठमोठ्या शहरांतून खेळ फिरला, वर्षं गेली, आणि तिचा सूर नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला. लोक रुमाल काढायचे. एकदा तर तिच्या खोट्या नवऱ्यानेही मेल्या मेल्या डोळे पुसले. पण ज्यांच्यावर तो खेळ बेतला होता त्यांच्याच गावी तो कधी गेला नाही, त्यामुळे हेगरने लेकीला रंगमंचावर रडताना पाहिलंच नाही.

क्लीव्हलंडला खेळ चालू असताना टायराची तार आली, हेगर गेली म्हणून. इडेला मिळेल त्या गाडीने निघाली. टायराने मयत तिच्यासाठी थांबवून धरलं होतं.

हेगरला पाण्याकडच्या झाडीत पुरायचं होतं. खड्ड्याच्या कडेला रिवाजाप्रमाणे तिच्या वापरातल्या वस्तू, म्हणजे चहाचा कप, कालवांची सुरी आणि ती गेली त्या वेळेला बंद केलेलं घड्याळ मांडून ठेवलं होतं. भर दुपारी सगळं बेट लोटलं. चर्चचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या डीकन जुलैने टोपी काढली, फावडेवाल्यांना हाताने थांबवलं आणि म्हणाला, "उचल, पोरी."

तिने उचललं. असा आवाज बेटावर आजवर कुणी ऐकला नव्हता. शब्दन् शब्द धुतल्यासारखा स्वच्छ, ओळ टोकापर्यंत नेलेली, पुरी केलेली, कुठे म्हणून फट नाही. आणि फटच नाही तर दुसऱ्याने आत शिरावं कुठून? म्हाताऱ्यांनी तोंडं उघडली आणि तशीच मिटली. टाळीने ताल धरायला वर गेलेले टायराचे हात हळूहळू खाली आले.

ओळ संपली. उत्तर आलं नाही. तेव्हा इडेलाच्या ध्यानात आलं की आपण खड्ड्याकडे बघतच नाही आहोत. माणसांच्या डोक्यांवरून वर कुठेतरी बघतो आहोत. काठीची वाट बघतो आहोत.

दुसऱ्या ओळीला तिने सूर मुद्दाम फाडला, पण तोही तालमीत घोटलेलाच फाटका सूर निघाला. लोक रडायला लागले. रडत होते, ऐकत होते, उत्तर मात्र एकही जण देत नव्हता.

"द्या ना," ती म्हणाली. गाण्यात नाही, साध्या तोंडाने. "कुणीतरी द्या ना. आई आहे माझी."

लोकांना वाटलं, हेही गाण्यातलंच.

ती टायराकडे वळली. "मावशी, तू उचल. तुझ्या हाकेला देतील."

"तुझ्यानंतर मी? लाज काढतेस का माझी?" टायराने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हातारीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "काय गायलीस गं! मध्ये तोंड घालायची आमची छातीच झाली नाही."

डीकन जुलै बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. ऊन उतरायला लागलं होतं, माणसं पायांवर भार बदलत होती. शेवटी कुणाकडेच न बघता तो म्हणाला, "लोटा माती." आणि उत्तर न मिळालेल्या हेगरवर माती पडली.

पुढच्या आठवड्यात इडेला पुन्हा रंगमंचावर उभी होती. करार होता, आणि बेटावर राहून तरी ती काय करणार होती? तिने ओळ उचलली, टोकापर्यंत नेली आणि वर बघितलं. काठी वर गेली, आणि अख्ख्या कोरसने उत्तर दिलं, भरघोस, एकही जण मागेपुढे नाही. इडेला अशी काही रडली की थिएटर उभं राहिलं.

पडदा पडला. मेलेला नवरा फळीवरून उठला, त्याने कोट चढवला आणि विचारलं, "येतेस का जेवायला?"