न थांबता अकोल्याला

माणूस गेल्याचा फोन येतो, आपण मटकन खाली बसतो, मग कपडे बदलून निघतो. आजवर माझ्या बाबतीत असंच होत आलं. हबीबच्या वेळी मला कुणाचा फोन आला नाही. तो माझ्या शेजारच्या सीटवर गेला, आणि मला ते कळलं अकोल्यात, त्याच्या मेहुण्याच्या दारात गाडी उभी केल्यावर. मी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर करून ओरडलो, "जितलो लेका! एकदाही नाही थांबली!" त्याच्या मांडीवर ओलं फडकं, पायाशी पाण्याची कॅन, मान खिडकीकडे. मला वाटलं, उन्हाने डोळा लागला. मी त्याचा खांदा हलवला… पुढचं मला अजूनही सलग आठवत नाही. मेहुणा धावत आला, घरातली माणसं आली, दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, काही करता आलं नसतं. असेलही. पण इतके आठवडे झाले तरी मला सकाळी जाग येते ती त्या सीटवरच, हात वर केलेले.

हबीब आणि मी अमरावतीच्या कॉलेजातले. तो परतवाड्याच्या लाकूड व्यापाऱ्याचा मुलगा, मी अकोल्याहून शिकायला आलेला. पुढे मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवू लागलो, त्याने अमरावतीत हार्डवेअरचं दुकान टाकलं, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडी माझं नाव मास्तर. माझी बायकोसुद्धा मला कधी मास्तर म्हणाली नाही, पण हा भर बाजारात "ओ मास्तर!" अशी हाळी घालायचा की चार दुकानदार वळून बघायचे. त्याच्या अब्बांनी चांगल्या दिवसांत कुण्या साहेबाकडून एक विलायती मोटार घेतली होती. गर्द हिरवी, गोल दिव्यांची, दारं उलट्या बाजूने उघडणारी. अब्बा गेले, लाकडाचा धंदा गेला, परतवाड्याचं घर गेलं, गाडी राहिली. हबीब तिला जपायचा म्हणजे काय, तिच्या पायडलचं झिजलेलं रबरसुद्धा बदलू द्यायचा नाही. "त्याच्यावर अब्बांचा पाय पडला हाये," म्हणायचा. आता यावर काय बोलणार!

या गाडीला एकच रोग होता, आणि तो आमच्या उन्हाळ्याचा होता. जुन्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. वऱ्हाडातल्या वैशाखात इंजिन तापलं की पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही त्या पंपाला ओढता येत नाही. गाडी दोन आचके देते आणि उभी राहते. त्यावर आमच्याकडचा जुना इलाज म्हणजे ओलं फडकं. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, वरून पाणी सोडायचं आणि झाडाखाली बसून वाट बघायची. अमरावती ते अकोला हा काही लांबचा रस्ता नाही, पण हबीबची गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे एकदा आणि बोरगावच्या आसपास एकदा हटकून बंद पडायची. त्या झाडांखाली आम्ही जितकं बोललो तितकं घरात कधी बोललो नाही. त्याच्या दुकानाचं, माझ्या मुलीच्या लग्नाचं, कुणाकुणाच्या उखाळ्यापाखाळ्या, सगळं त्या बॉनेटसमोर.

नसीम भाभींना मात्र यात गंमत वाटायची नाही, आणि का वाटावी? त्यांचं माहेर अकोल्याचं. एका ईदला दोघं सासुरवाडीला निघाले होते, भाभींच्या मांडीवर शिरखुर्म्याचं पातेलं, आणि बोरगावजवळ गाडीने आचके दिले. भर दुपार, अंगावर बुरखा, झाड दूर. हबीब फडकं भिजवत "हे पाय, आत्ता सुरू होते" म्हणत राहिला. भाभींनी पातेलं उचललं, येणाऱ्या एसटीला हात केला आणि चढता चढता सुनावलं, "ही गाडी अमरावतीहून अकोल्याले न थांबता जाईन, त्याच दिवशी मी बसीन हिच्यात. तवापर्यंत नाव काढाचं नाही." बाई शब्दाची पक्की निघाली. त्यानंतर माहेरी जायचं तर भाभी एसटीने, पुढे मुलाच्या, अन्वरच्या गाडीने. आणि हबीब एकटा मागून आपल्या हिरव्या गाडीत. भाभी नेहमी आधी पोहोचायच्या आणि दारात उभ्या राहून विचारायच्या, "कुठं बंद पडली?" सगळं घर हसायचं. हबीबही हसायचा. पण त्याला ते लागत होतं हे मला माहीत आहे.

मी त्याला कितीदा सांगितलं असेल! अरे बाबा, टाकीजवळ एक छोटा विजेचा पंप बसव. जुना पंप काढायचा नाही, तो त्याच्या जागी राहू दे. हा नवा मागून पेट्रोल ढकलेल, मग वाफ व्हायला वेळच मिळणार नाही. कित्येक दिवस उभी असलेली गाडी सुरू करतानाही बरं पडेल. पण हबीब म्हणजे हबीब. "अब्बांच्या गाडीचं ऑपरेशन नाही कराचं." मी चिडायचो, मूर्ख म्हणायचो, दोनदा तर अर्ध्या रस्त्यातून तणतणत एसटीने घरी गेलो. आणि मग यंदा, होळी झाल्यावर, त्याचाच फोन. "मास्तर, तो तुहा पंप घेऊन ये." मला वाटलं थट्टा करतोय. विचारलं, काहून रे, अचानक? तर म्हणाला, "अब्बांच्या गाडीत अब्बांची सून बसत नाही. बरं दिसते काय हे? आता काय मेल्यावर बसवू तिले?" आणि स्वतःच खो खो हसला. मीही हसलो. असल्या बोलण्यावर माणूस हसतोच.

पंप बसवला तो त्याच्याच अंगणात. अट एकच, गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. मग काय करता! मागच्या जुन्या बोल्टांवरच पट्टी अडकवून पंप लटकवला, खाली रबराचा तुकडा घातला, वायर जुन्या वायरींच्या सोबतीने पुढे आणली आणि डॅशबोर्डच्या खाली, सहज दिसणार नाही असं, एक बटन बसवलं. इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद व्हावा अशी जोडणी मी केली, कारण कुठे धडकाधडकी झाली तर पेट्रोल वाहत राहायला नको. एवढी काळजी घेतली हो मी… बटन दाबलं तसा मागून टिक टिक टिक आवाज आला, पेट्रोल भरलं आणि आवाज मंदावला. हबीब जमिनीला कान लावून ऐकत होता. भाभी दारातून म्हणाल्या, "नवरदेव सजवून राहिले काय?" तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "नसीम, उद्या अकोल्याले जाऊन दाखवतो. तुह्या भावाच्या दारातून फोन करीन. परवा तू बाजूले." भाभी म्हणाल्या, "फोन तं येऊ द्या आधी."

दुसऱ्या दिवशी त्याने किल्ली माझ्या हातात दिली. आयुष्यात त्याने ते स्टिअरिंग कुणाला दिलं नव्हतं, स्वतःच्या मुलालाही नाही. म्हणाला, "पंप तुहा, बदनामीही तुही. चालव." मी खुश झालो. आता वाटतं, त्याचा हात दुखत होता का? रात्रीपासून काही होत होतं का? भाभींनाही माहीत नाही, अन्वरलाही नाही. बडनेरा मागे पडलं. ऊन असं होतं की रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. गाडी मात्र लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली होती. मूर्तिजापूर जवळ आलं, तसं आमचं नेहमीचं ठिकाण आलं आणि गेलं. हबीब म्हणाला, "मान गए, मास्तर." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! त्याला खूप घाम आला होता. मलाही आला होता, त्या उन्हात कुणाला येत नाही? तरी मी विचारलं, थांबू का, गावात चहा घेऊ. त्यावर तो जवळजवळ ओरडलाच, "थांबू नको बे! थांबला तं नसीम बसणार नाही." मी हसत गाडी दामटली. ते त्याचं शेवटचं वाक्य. पुढे मी एकटाच बोलत होतो, पंपाची तारीफ करत होतो, स्वतःची करत होतो, आणि तो ऐकतो आहे असं धरून चाललो होतो. गाडी नेहमीसारखी बोरगावला बंद पडली असती तर मी बॉनेट उघडलं असतं, फडकं मागितलं असतं, त्याच्याकडे पाहिलं असतं…

फोन मलाच करावा लागला. दवाखान्याच्या बाहेरून. पहिल्या घंटीलाच भाभींनी उचलला, फोन जवळच घेऊन बसल्या असणार. मी काही बोलायच्या आत त्या हसत म्हणाल्या, "कुठं बंद पडली, भाऊ?" मी फोन त्यांच्या भावाच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी अमरावतीला दफन झालं. मी माती दिली. गर्दीत लोक मला विचारत होते, कसं झालं, काय झालं. मी पंपाचं सांगत सुटलो होतो म्हणे. टाकी, वायर, बटन. अन्वरने मला हाताला धरून बाजूला नेलं.

काही दिवसांनी अन्वरने गाडी अमरावतीला आणून ठेवली. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एवढं एकच सुचत होतं की तो पंप त्या गाडीत राहू द्यायचा नाही. गेल्या रविवारी पाना घेऊन गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पाळायचे असतात, समोर येत नाहीत. मी अंगणात गाडीखाली शिरलो, तेवढ्यात आतून, पडद्यामागून आवाज आला, "मास्तर भाऊ, काय करून राहिले तुमी?" म्हटलं, भाभी, पंप काढतो. "काहून?" गाडीखाली उताणा पडून म्हाताऱ्या माणसाने रडावं, कसं दिसतं ते! मग त्यांनी विचारलं, जे त्यांनी दफनाच्या दिवसापासून विचारलं नव्हतं, "खरंच थांबली नाही काय कुठं?" म्हटलं, नाही भाभी. कुठेच नाही. "अन् हे काय बोलले?"

मला खोटं सांगता आलं असतं. अल्लाचं नाव घेतलं म्हणता आलं असतं. पण मी जे होतं ते सांगितलं, मूर्तिजापूरचं, घामाचं, थांबू नको बे म्हणून ओरडलेलं, सगळं. मग त्या म्हणाल्या, "पागल माणूस… मी काय खरंच नसती बसली?" अन्वर दाराशी उभा होता, तो खाली बसला. मी गाडीखालून बाहेर आलो, पाना खिशात घातला, आणि जावं की थांबावं ते कळेना म्हणून तसाच उभा राहिलो.

"पंप राहू द्या," भाभी म्हणाल्या. "त्यायनं माह्यासाठी लावला. इद्दत झाली की मी बसीन, तुमी चालवा. पण मूर्तिजापूरच्या अलीकडं गाडी उभी करजा, भाऊ. आता ती आपोआप नाही थांबत. तुमालेच थांबवा लागीन."