विलायती बाई केस कापायला फुकट का शिकवते?

मंडळाच्या बायांनो, आज दुपारी घडलं ते लगेच या फळ्यावर लिहितेय.

कासारवाडीच्या समाजमंदिरात एक विलायती बाई आपल्याला केस कापायला फुकट शिकवते. मला पहिल्या दिवसापासून तिचा संशय. आमचे मालक तर म्हणतात, "हेर असेल."

आज मी तोंडावरच विचारलं, "आमचे केस नेऊन विकणार ना?"

तिनं आपला अंबाडा सोडला, कात्री माझ्या हातात दिली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आधी माझे काप."

मी कात्री चालवली. केस चांगलेच वाकडे कापले गेले. आरशात बघून तिचे डोळे भरले, पण ती एवढंच म्हणाली, "उद्या परत."

तिला यातून काय मिळतं, ते मला अजून कळलेलं नाही. तरी उद्या मी जाणार आहे. माझं चुकतंय का गं?