दोघींच्या खाली एकच रेघ

आत्याचा निरोप तिच्या सुनेने लिहून पाठवला होता. 'आई म्हणतात, वंशावळीतून माझं नाव काढून टाका.' पुढे काही नव्हतं. मी तो कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेल्या पुस्तकांची नोंद करताना वाचला. फोन उलटा ठेवला आणि नोंदी पुऱ्या केल्या. घरी जाताना मात्र तेच एक वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

वंशावळ माझी नव्हती, बाबांची होती. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती करायला घेतली. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे. तिथे बसून ते बदलापूरकडच्या आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना फोन करायचे, ऐकलेलं आधी पेन्सिलीने लिहायचे आणि दुसऱ्या कुणाकडून खात्री झाली की शाईने गिरवायचे. मागच्या दिवाळीनंतर ते गेले. वहीला हात लावायला मला कित्येक महिने लागले. श्रावणात लावला, कारण मनाशी ठरवलं होतं की वर्षश्राद्धाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिची छापील पुस्तिका द्यायची. शोक करायची माझी हीच रीत असावी. रडायला मला जमत नाही, अनुक्रमणिका करायला जमते.

वही जवळजवळ पूर्ण होती. फक्त एका पानावर, आजी-आजोबांच्या लग्नापुढे, जागा कोरी होती. बाबांच्या मानाने हे विचित्र होतं. पणजोबांच्या लग्नात वऱ्हाड कुठल्या वाटेने गेलं तेसुद्धा त्यांनी लिहून ठेवलं होतं. मला वाटलं, राहून गेलं. कपाटात आजोबांचे नोकरीचे कागद होते. त्यातल्या एका फॉर्मवर पत्नीचं नाव आणि लग्नाची तारीख होती, खाली आजोबांची सही. याहून मोठा पुरावा काय हवा? ती तारीख मी कोऱ्या जागेत भरली. भावंडांच्या जन्मतारखा ज्याच्या त्याच्या शाळेच्या दाखल्यावरून घातल्या: थोरली आत्या, मग बाबा, मग काका. कच्ची प्रत घरच्या ग्रुपवर टाकली आणि चुका कळवा असं लिहिलं.

चूक काकांच्या मुलाने कळवली. आत्याचा जन्म आजी-आजोबांच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचा दिसत होता. त्याने लिहिलं, 'आपले आजोबा तर एकदम मॉडर्न निघाले,' आणि हसणारी तीन तोंडं. त्याखाली आणखी चार-पाच जण हसले. त्याचा स्वभाव वाईट नाही; समोर आलेला विनोद त्याच्याने सोडवत नाही, इतकंच. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या सुनेने चष्मा लावून ते वाचून दाखवलं होतं. प्रत टाकण्याआधी ते दोन आकडे मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. माझं सगळं आयुष्य नोंदी तपासण्यात गेलंय.

मी आत्याला फोन केला. ती पावसाबद्दल बोलली, माझ्या गुडघ्याबद्दल विचारलं, स्वतःच्या नातवाच्या क्लासचं सांगितलं. वंशावळीचा विषय काढला तेव्हा म्हणाली, गॅसवर दूध आहे.

तेव्हा ठरवलं, या दोन तारखांचा मेळ घालायचाच. आत्याचं नाव पुस्तिकेत राहायला हवं, आणि कुणाला हसायला जागा राहता कामा नये.

बाबांच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर उल्हासनगर कॅम्प चारचा एक पत्ता होता. आमच्या गावाकडची लग्नं लावणाऱ्या उपाध्यायांचा नातू तिथे झेरॉक्सचं दुकान चालवतो. मी गेले तेव्हा तो नव्हता, बायको गल्ल्यावर होती. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. 'भाभी, आधार दोनो साइड, एकही पेज पे,' असं कुणीतरी माझ्या खांद्यावरून म्हणत होतं. मी काम सांगितल्यावर तिने मला आत स्टुलावर बसवलं, माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेली वही काढून दिली आणि परत मशीनकडे गेली. उपाध्यायांचं अक्षर सुंदर, बाळबोध. प्रत्येक लग्नाला एक ओळ: तिथी, वराचं नाव आणि गाव, वधूचं नाव, वधूपित्याचं नाव आणि गाव.

अर्ध्या तासात आजोबा सापडले. गाव तेच. वधूपिता आणि त्यांचं गाव म्हणजे आजीचं माहेर, तेही तंतोतंत. तिथी फॉर्मवरच्या तारखेच्या चार वर्षं आधीची. म्हणजे आत्याचा जन्म लग्नानंतर दोन वर्षांनी, अगदी रीतसर. वधूचं नाव आजीचं नव्हतं, पण त्याने मी थांबले नाही. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर अंगठीने नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव फक्त माहेरी उरतं. उपाध्यायांनी माहेरचं लिहिलं, आजोबांनी फॉर्मवर सासरचं. राहिली तारीख. त्या पिढीने साहेबासमोर उभं राहून कितीतरी तारखा अंदाजाने सांगितल्या असतील, आजोबांनीही सांगितली असेल. सगळं जुळलं. पानाचा फोटो काढला, वहिनींचे आभार मानले आणि वही मिटली. पुढची पानं उलटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बदलापूरला उतरून रिक्षाने सोनिवलीला गेले. आत्या तिथे एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मुलाकडे राहते. मी पोचले तेव्हा ती गॅलरीत बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. खाली अजून थोडी भातशेती शिल्लक आहे. फोनवरचा फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला आणि सगळं समजावून सांगितलं. आवाजात थोडी फुशारकी असणार. म्हटलं, कागदच चुकला होता, तू नाहीस. आता ग्रुपवर हा पुरावा टाकते, एकाचं तोंड उघडणार नाही.

आत्याने फोनकडे पाहिलं. ती ओळ तिने ओठ हलवत वाचली. मग चष्मा काढून पदराला पुसला.

"तुझी आजी मला दर नवमीला जेवायला का बोलवायची गो?" तिने विचारलं.

पितृपक्षातली नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण असताना गेलेल्या घरच्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. आमच्या घरी ती सवाष्ण दर वर्षी आत्याच असायची. लहानपणी मला तो फक्त आत्या येण्याचा आणि खीर मिळण्याचा दिवस वाटायचा. ती नवमी कुणाची, हे मी कधी विचारलं नाही. पणजीची असेल असं धरून चालले होते. पण पणजी पणजोबांच्या मागे कितीतरी वर्षं जगली. बाबांच्या वहीत ते शाईने लिहिलेलं होतं. आजीही आजोबांच्या नंतर गेली. मग आमच्या घरात सवाष्ण गेलेली होती कोण?

मी फोटोतल्या नावाकडे परत पाहिलं. ते आजीचं माहेरचं नाव नव्हतंच. ती दुसरी बाई होती.

"माझी आई," आत्या म्हणाली. "तुझ्या आजीची थोरली बहीण."

मग शेंगा सोलतच तिने सांगितलं. आत्या दीड वर्षाची असताना तिची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुढच्या लगीनसराईत तिच्या वडिलांनी धाकटी मुलगी त्याच घरात दिली. पोर परकीच्या हाती जायला नको, म्हणून. धाकटी सोळा वर्षांची होती. फॉर्मवरची आजोबांची तारीख खरी होती, फक्त ती त्यांच्या दुसऱ्या लग्नाची होती. दोन्ही कागद बरोबर होते. चूक माझी. आपल्याकडे नाव बदलतं हे मला इतकं पाठ होतं, की त्या आधाराने मी दोन बायकांची एक करून टाकली.

आत्याला हे कळलं ते तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला. आजीने तिला पाटावर बसवलं आणि तिचे पाय धुवायला तांब्या घेतला. आत्याने पाय आखडून घेतले, आईने लेकीचे पाय कसे धुवायचे? तेव्हा आजी म्हणाली, "आज तू माझी लेक नाहीस. आज तू माझी ताई आहेस." आणि धुतले. मग इतकंच बजावलं, की धाकट्या दोघांना सांगायचं नाही. सावत्र हा शब्द या घरात यायचा नाही.

"आला नाही," आत्या म्हणाली. "साठ वर्षांत नाही आला."

मी म्हटलं, पण मग तुझ्या आईचं नाव कुठेच राहणार नाही. तिने शेंगांची साल एकत्र गोळा केली.

"तुझा बाप गेला तेव्हा मी त्याची सख्खी बहीण होते. आता तो नाही, तर कागदावर सावत्र करतेस का मला? त्यापेक्षा काढ नाव."

सुनेने चहा आणला. जावाजावांच्या बोलण्याची तिने काहीतरी गंमत सांगितली, आम्ही हसलो. परत येताना बदलापूर स्टेशनवर एक गाडी मी सोडून दिली, बाकावर बसून राहिले. खरं छापलं तर जिवंत बाईकडून तिचा भाऊ काढून घ्यायचा. नाही छापलं तर विसाव्या वर्षी गेलेली एक मुलगी कायमची पुसायची. तीही दुसऱ्यांदा, आणि या वेळी माझ्या हाताने.

त्या आठवड्यात कॅम्प चारला पुन्हा गेले. निदान अर्धवट पाहिलेली वही तरी पुरी पाहायची होती. या वेळी उपाध्यायांचा नातू दुकानात होता. पन्नाशीचा, बोलका माणूस. चार वर्षांपुढची पानं उलटली तर दुसरी नोंद तिथे होतीच: तोच वर, तोच वधूपिता, दुसरी मुलगी, आणि समासात बारीक अक्षरात 'बिजवर'. पहिली बायको वारल्यावर पुन्हा लग्न करणाऱ्याला तसं म्हणतात. मी फोटो काढत होते. तो वाकून पाहत म्हणाला, "हेच पान का? अंबरनाथहून एक काका आले होते, त्यांनी पण हेच पाहिलं होतं. कारखान्यातले. छत्री विसरून गेले, ती न्यायला परत आले."

बाबा छत्री विसरायचे. मी कधीची गोष्ट ते विचारलं. त्याला नीट आठवत होतं: दुकान या गाळ्यात आणलं त्याच वर्षी, म्हणजे सहा वर्षांपूर्वी. त्यांनी दोन्ही पानं पाहिली, बराच वेळ बसले. त्याने झेरॉक्स काढून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. "म्हणाले, बघायचं होतं तेवढं बघितलं."

म्हणजे पान राहून गेलं नव्हतं, त्यांनी ते कोरं ठेवलं होतं.

तशीच सोनिवलीला गेले. आत्या नुकतीच झोपून उठली होती, केस मोकळे होते. तिच्या पलंगावर बसून सांगितलं, की बाबांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं नाही, त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं, आणि लिहिलं नाही. ती केसांचा गुंता सोडवत राहिली. मग तिने विचारलं, सहा वर्षं नक्की का? मी नक्की म्हटलं.

तिने बोटांवर मोजलं.

"म्हणजे सहा भाऊबीजा," ती म्हणाली. "सगळं माहीत असून माझ्यापुढे पाटावर बसला. दर वेळी तीच कुरकुर करायचा, ओवाळताना निरांजन फार जवळ आणतेस म्हणून."

तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, केस पुढे आले होते. हाताने चाचपडत तिने टॉवेल मागितला. तोंड पुसून म्हणाली, "लिही तिचं नाव. पण माझ्यासाठी वेगळी फांदी काढू नको."

मी बाबांची पेन्सिल आणली होती. तिच्या देखत वहीच्या त्या पानावर आजोबांचं नाव लिहिलं, त्यांच्याशेजारी दोघी बहिणींची नावं, आधी थोरली, मग धाकटी, आणि दोघींच्या खाली मिळून एकच रेघ. रेघेवर तीन मुलं, वयाप्रमाणे. शास्त्राप्रमाणे ही वंशावळ सदोष आहे. कुठलं मूल कुणाचं, हे हिच्यावरून सांगता येत नाही. असं पुस्तक माझ्याकडे नोंदणीला आलं असतं तर मी खुणेची चिठ्ठी लावून परत पाठवलं असतं.

आत्याने वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. रेघेवर बोट ठेवून तिच्या नावापासून बाबांच्या नावापर्यंत नेलं. हे सगळं इथे लिहू का, असंही मी तिला तेव्हाच विचारलं. लिही म्हणाली, पण नावं घालू नको, ती वंशावळीत आहेत तेवढी पुरे. मग वही माझ्याकडे परत देत म्हणाली, "शाईने गिरव."